नाईटची सवय होत नाही, आणि घोरणं म्हणजे गाढ झोप नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. मिस्टर ३९ वर्षांचे, चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहेत, दर आठवड्याला शिफ्ट बदलते, फर्स्ट सात ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते बारा, नाईट बारा ते सात, आणि फिरते अशी की आधी नाईट, मग सेकंड, मग फर्स्ट. नाईटच्या आठवड्यात घरी येऊन आठला झोपतात पण अकरा वाजले की डोळे टक्क उघडे. चार वर्षांत वजन ११ किलो वाढलंय, घोरतात एवढे की मुलगी आजीजवळ हॉलमध्ये झोपते, मेडिकलमधून झोपेची गोळी आणून घेतात, आणि मागच्या महिन्यात सकाळी घरी येताना बाईकवर डोळा लागून डिव्हायडरला घासले. सासूबाई म्हणतात रात्रपाळी सगळेच करतात, सवय होईल, आणि घोरतोय म्हणजे गाढ झोपतोय ना. तुम्ही विचारलंय की सवय होईल का, मेलाटोनिन द्यावं का, आणि नोकरी सोडावी का.

मी पिंपरी-चिंचवडमध्ये छातीचे आणि झोपेचे विकार बघते, अठरा वर्षं झाली, माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे तरी शिफ्टवालेच असतात त्यामुळे हे सगळं मला अगदी पाठ आहे. तरी तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त टोचलं ते तुम्ही शेवटी सहज लिहिलेलं बाईकचं, आणि त्याच्या जोडीला घोरणं. म्हणून तुम्ही विचारलेल्या क्रमाने नाही जाणार, थोडं इकडे तिकडे होईल.

सवयीचं पहिल्यांदा सांगते कारण घरोघरी हाच गैरसमज. आपल्या मेंदूत, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान एक पुंजका आहे, साधारण २० हजार पेशींचा. हे आपलं घड्याळ. ते बाहेरून कुणी चावी दिली नाही तरी चालतं, माणसात त्याचा फेरा २४ तासांपेक्षा थोडासाच मोठा असतो, सरासरी दहा-बारा मिनिटांनी. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही असं आपण म्हणतो ना, जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या लोकांनी २०१३ मध्ये जवळजवळ तेच करून बघितलं, कोंबडे सतत एकसारख्या मंद उजेडात ठेवले, दिवस कुठला रात्र कुठली कळायला मार्गच नाही, तरी ते आपल्या हिशोबाने पहाट झाली की आरवायचे. म्हणजे तांबडं आधी कोंबड्याच्या आत फुटतं. तुमच्या मिस्टरांचंही तसंच आहे, ते सकाळी आठला पडदे लावून झोपले तरी आत तांबडं फुटलेलं असतं, अंगाचं तापमान वर चाललेलं असतं, जागं राहायला लावणारी सगळी यंत्रणा सुरू झालेली असते.

मग आठ ते अकरा झोप लागते कशी, तर ते दुसऱ्या कारणाने. झोप दोन गोष्टींवर चालते, १९८२ मध्ये बोर्बेली नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने हे मांडलं आणि आजही आम्ही पेशंटला समजावताना तेच वापरतो. एक म्हणजे घड्याळ. दुसरं म्हणजे झोपेचं ओझं, जितका वेळ जागे तितकं ते साठत जातं आणि झोपलं की उतरतं. रात्रभर काम करून आलेल्या माणसाचं ओझं एवढं असतं की घड्याळ नको म्हणत असलं तरी तो पडल्या पडल्या डाराडूर झोपतो, पण तीन-चार तासांत निम्मं ओझं उतरलं की घड्याळ जोर धरतं, आणि तिकडे तर भर सकाळ असते. म्हणून अकराला डोळे टक्क. त्यात मनाचा कमकुवतपणा नाही की टेन्शन नाही, तुम्ही मला रात्री अकराऐवजी सकाळी आठला झोपायला लावलंत तर माझंही हेच होईल.

आता आपण जिला साखरझोप म्हणतो ना, पहाटेची, स्वप्नांची, उठवत नाही अशी, ती घड्याळाशी फार बांधलेली आहे. अंगाचं तापमान पहाटे साधारण चार-साडेचारला सगळ्यात खाली असतं आणि त्याच्या आसपास आणि थोडं नंतर ही स्वप्नांची झोप सगळ्यात जास्त येते. नाईटवाल्याची ती वेळ मशीनसमोर जाते. नेमक्या त्याच वेळी, तीन ते पाच, हात जड होतात, थंडी वाजते, चुका होतात, कुठल्याही सुपरवायझरला विचारा रिजेक्शन कधी वाढतं.

तर सवय होईल का? घड्याळ सरकतं, सरकत नाही असं नाही, पण सगळं जमून आलं तर दिवसाला साधारण एखादा तास. आठवड्याच्या नाईटमध्ये ते जेमतेम कुठे सरकायला लागतं तोवर रविवार येतो, रविवारी घरच्यांबरोबर जेवायचं, लग्नाला जायचं, रात्री झोपायचं, सोमवारपासून सेकंड. म्हणजे घड्याळाने घरून निघून अर्ध्या वाटेवरून परत यायचं आणि तीन आठवड्यांनी पुन्हा निघायचं. दहा-दहा वर्षं नाईट केलेले लोक मला सांगतात की सवय झाली, आणि तपासून बघितलं तर त्यांना सवय कमी झोपेची झालेली असते, म्हणजे आपण थकलोय हे कळायचंच बंद होतं, ही सवय चांगली नाही.

शिफ्ट फिरण्याच्या दिशेचं मुद्दाम सांगते, कारण ती कंपनीत बदलून मिळू शकते आणि कुणी मागतच नाही. आपलं घड्याळ २४ तासांहून जरा मोठं असल्यामुळे त्याला उशिरा सरकणं सोपं जातं, लवकर सरकणं जड. म्हणजे फर्स्ट, मग सेकंड, मग नाईट हा सुलटा क्रम. तुमच्याकडे आहे तो उलटा, नाईटहून सेकंडला, सेकंडहून फर्स्टला, दर वेळी शरीराला आठ तास मागे ओढायचं. १९८२ सालीच अमेरिकेत यूटा राज्यातल्या एका खनिज आणि रसायनांच्या कारखान्यात हा प्रयोग झाला, आधी दर आठवड्याला उलटी फिरणारी पाळी होती ती सुलटी केली आणि आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी बदलायला लागले, कामगारांच्या तक्रारी कमी झाल्या, तब्येत बरी वाटायला लागली आणि उत्पादनही वाढलं. याला मशीन लागत नाही, गोळी लागत नाही, फक्त शेड्यूलचा कागद दुसऱ्या क्रमाने छापायचा. मी दोन-तीन जणांना लेटरहेडवर लिहून दिलंय, एका ठिकाणी युनियनने धरून लावलं आणि झालं, बाकी ठिकाणी साहेब हसले. तरी मागून बघा, दहा जणांनी मिळून मागितलं तर फरक पडतो.

आता खरं काळजीचं. घोरणं.

सासूबाईंना हे तुम्ही सांगितलंत तर पटणार नाही, म्हणून मी जे रोज बघते ते सांगते, वाटल्यास त्यांना वाचून दाखवा. स्लीप लॅबमध्ये एक माणूस झोपलाय, ४१ वर्षांचा, एमआयडीसीतच फोर्कलिफ्ट चालवणारा, मान जाड, पोट सुटलेलं, डोक्याला वायरी, नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिजनची क्लिप. पलीकडच्या खोलीत मी आणि टेक्निशियन स्क्रीनसमोर. रात्रीचे दोन चाळीस. घोरण्याचा आवाज भिंतीतून येतोय, चढत चढत जातो आणि एकदम बंद. शांत. बाहेर बाकावर त्याची बायको बसलेली, ती म्हणाली, झोपले वाटतं आता नीट. स्क्रीनवर श्वासाची रेष सपाट झालेली होती. छाती आणि पोट हलतायत, जोर लावतायत, पण हवा आत जात नाहीये, घसा मागून चिकटलाय. दहा सेकंद, वीस, तीस. ऑक्सिजन ९५ वरून ९०, ८६, ८१. अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला मेंदूच्या रेषेत गडबड झाली, पाय झाडला, फुर्रकन मोठ्ठा श्वास, आणि घोरणं पुन्हा सुरू. त्याला स्वतःला यातलं काहीच आठवणार नव्हतं. त्या रात्री सरासरी तासाला ५२ वेळा हे झालं. सकाळी उठून मला म्हणतो, मॅडम झोप मस्त लागली.

तेव्हा ती शांतता बायकोला झोप वाटली होती. घोरणं म्हणजे अरुंद झालेल्या नळीतून हवा फरफरत जाते त्याचा आवाज, आणि आवाज थांबतो तेव्हा बऱ्याचदा नळीच बंद झालेली असते. याला आम्ही ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतो. तासाला पाचच्या आत असे प्रकार झाले तर नॉर्मल धरतो, पंधराच्या पुढे मध्यम, तिसाच्या पुढे तीव्र. मुंबईत ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांवर केलेला एक अभ्यास २००४ मध्ये छापून आला, त्यात जवळजवळ दर पाचातल्या एकाला झोपेत श्वास अडण्याचा दोष सापडला, आणि दिवसा पेंग येण्यासकट पूर्ण आजार साडेसात टक्क्यांना. म्हणजे हा काही दुर्मिळ रोग नाही, तुमच्या सोसायटीच्या एका विंगमध्ये दोन-चार जण निघतील. आणि आपल्याकडे तो फार जाड नसलेल्या माणसालाही होतो, जबडा जरा लहान, मागे असला तर थोडं वजन वाढलं तरी घसा भरतो. ११ किलो तर खूप झाले.

आता हा आजार शिफ्टच्या मागे कसा लपतो बघा. माणूस दिवसभर पेंगतो, सगळे म्हणतात नाईट आहे. चिडचिड करतो, नाईट आहे. सकाळी डोकं दुखतं, तोंड कोरडं पडतं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठतो (हे शुगर किंवा प्रोस्टेटचं समजून लोक भलत्याच टेस्ट करत बसतात, श्वास अडला की हृदयावर ताण येऊन लघवी जास्त बनते), बीपी दोन गोळ्यांनी पण आटोक्यात येत नाही, नवरा-बायकोत अंतर पडतं, सगळ्याचं खापर शिफ्टवर. म्हणून मी प्रत्येक शिफ्टवाल्याला एकच विचारते, तुमच्या फर्स्ट किंवा सेकंडच्या आठवड्यात, रात्री सात तास झोप झालेली असताना, दुसऱ्या दिवशी पेंग येते का? येत असेल तर दोष नुसत्या शिफ्टचा नाही. तुमच्या लिहिण्यात एक वाक्य आहे, सुट्टीत गावी गेले तरी दुपारी बसल्या बसल्या झोपतात. तिथेच मी थबकले.

आणि आता ती गोळी. तुम्ही लिहिलंय की मेडिकलवाला पट्टीतून दोन-दोन कापून देतो, नावाचा भाग नसलेल्या. त्या बहुतेक अल्प्राझोलम किंवा झोल्पिडेमच्या असणार, दोन्ही शेड्यूल एच-वन मध्ये येतात, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आणि रजिस्टरमध्ये नोंद केल्याशिवाय देताच येत नाहीत, म्हणूनच तर नाव कापलेलं असतं. कायद्याचं सोडा, घसा बंद पडल्यावर मेंदू दचकून माणसाला जागं करतो ना, ती अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाची दचक, तीच ही औषधं बोथट करू शकतात, घसाही सैल पडतो. झोपायच्या आधी घेतलेली क्वार्टरही तेच करते, वर दोन-तीन तासांनी उतरताना झोपेचं खोबरं करते ते वेगळंच. गोळी एकदम तोडू नका मात्र, वर्षभर रोज घेत असतील तर एकदम बंद केल्यावर झोप उलटी उडते, घाम येतो, हात थरथरतात, क्वचित फिटसुद्धा येते, डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी करायची असते. तोवर गोळी आणि दारू एकत्र कधीच नाही.

तर पहिलं काम, स्लीप स्टडी. लॅबमध्ये रात्रभर राहून करतात तो पूर्ण प्रकार आणि घरी लहान मशीन देऊन करतात तो छोटा प्रकार, तुमच्या वर्णनावरून घरचा केला तरी चालेल असं वाटतंय, ते तपासणारे डॉक्टर ठरवतील. पण नाईटच्या आठवड्यात किंवा त्याच्या लगेच पुढच्या दोन दिवसांत करू नका, तेव्हाची झोप वेडीवाकडी असते. फर्स्टच्या आठवड्यात बुधवार-गुरुवार बघून करा. निघालाच ॲप्निया तर उपाय आहे, सीपॅप नावाचं मशीन, नाकावर मास्क, त्यातून हवेचा हलका दाब येतो आणि घसा मिटत नाही एवढीच त्याची करामत. १९८१ मध्ये सिडनीतल्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी पहिल्यांदा दाखवलं. पहिले दोन आठवडे सगळे शिव्या घालतात, मास्क टोचतो, नाक कोरडं पडतं, हत्तीची सोंड लावल्यासारखं वाटतं म्हणतात, मास्कचा साईज बदलला, हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर लावला की बरेचसे टिकतात. तो फोर्कलिफ्टवाला आता गावी जाताना कपडे विसरेल पण मशीन विसरत नाही. आणि वजन, साधारण १० टक्के उतरलं तर श्वास अडायचं प्रमाण जवळजवळ पाव हिश्श्याने कमी होतं. गंमत म्हणजे झोप नीट झाल्याशिवाय वजन उतरवायची ताकद नसते, म्हणून आधी मशीन, मग चालणं.

बाईकबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. सलग सतरा तास जागा असलेला माणूस हात आणि डोळ्यांचा मेळ बघणाऱ्या चाचणीत रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका मागे पडतो, हे १९९७ साली ऑस्ट्रेलियात मोजून दाखवलंय. आपल्याकडे गाडी चालवायची कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. आता नाईटच्या पहिल्या दिवसाचा हिशोब करा, सोमवारी सकाळी सातला उठले, दिवसभर घरात, रात्री बाराला पंच केलं, मंगळवारी सकाळी सातला सुटले, चोवीस तास झाले. पोलिसाच्या मशीनमध्ये काहीच येणार नाही पण माणूस चालवण्याच्या लायकीचा नाही. मी स्वतः रेसिडेंट असताना तीस तासांची ड्यूटी करून स्कूटीवर निघाले होते, लाल सिग्नलला पाय टेकवून थांबले, आणि मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न मारला तेव्हाही सिग्नल लालच होता, मला वाटलं हा उगाच का वाजवतोय, तो म्हणाला ताई दोनदा हिरवा होऊन गेला. त्यानंतर मी नाईटनंतर गाडी घेतलीच नाही. तुमच्या मिस्टरांनी स्टडी होऊन उपचार सुरू होईपर्यंत नाईटला कंपनीची बस, नाहीतर कुणाच्या तरी मागे बसून यायचं. बस चुकली तर निघण्याआधी कंपनीतच रेस्टरूममध्ये वीस मिनिटं डोळे मिटायचे आणि उठल्यावर लगेच किक नाही मारायची, दहा-पंधरा मिनिटं तोंड धुऊन हिंडायचं, झोपेतून उठल्यावरचा जडपणा जायला तेवढा वेळ लागतो. वाऱ्याने झोप उडते, तंबाखू लावली की उडते, गाणी लावली की उडते, हे सगळं दोन-चार मिनिटांचं असतं.

आता नाईटचा आठवडा बरा कसा काढायचा ते. घड्याळ पूर्ण उलटं करायच्या नादाला लागू नका, आठवड्यापुरतं ते परवडत नाही हे वर सांगितलंच. झोप एकरकमी मिळत नसेल तर हप्त्याने घ्यायची. सकाळी आठ ते साडेअकरा-बारा मिळते ती घ्या, उठा, जेवा, मुलीला शाळेतून आणा, आणि मग तीन-चारच्या पुढे दीड तास पुन्हा. पुण्याच्या वामकुक्षीवर लोक विनोद करतात पण दुपारी शरीराचा जागेपणा खरंच जरा ढिला पडतो, तो फायदा घ्यायचा. बहुतेक लोक काय करतात, रात्री बाराची शिफ्ट म्हणून आठ वाजता पडतात, आणि तळमळत राहतात, कारण नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास घड्याळ माणसाला सगळ्यात जास्त जागं ठेवतं. आठला झोप न लागणं हा दोष नाही, वेळच चुकीची आहे. याच कारणाने फर्स्टच्या आधी नऊला जाऊन पडतात आणि कूस बदलत बसतात. पहिल्या नाईटच्या दिवशी तर दुपारची झोप सक्तीची समजा, दोन ते साडेतीन, म्हणजे ते चोवीस तासांचं गणितच मोडतं.

उजेड हे खरं हत्यार. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत ज्या बघण्यासाठी जवळजवळ नाहीतच, त्या फक्त उजेड किती हे घड्याळाला कळवतात, आणि निळसर उजेडाला त्या सगळ्यात जास्त दाद देतात. शिफ्टच्या पहिल्या निम्म्या वेळात, बारा ते साडेतीन, भरपूर उजेडात राहा, घड्याळ थोडं उशिराकडे सरकतं आणि जागंही राहता येतं. पहाटेनंतरचा उजेड मात्र उलटं काम करतो, ते घड्याळ परत दिवसाकडे ओढतो, आणि जूनमध्ये आपल्याकडे सहालाच लख्ख उजाडलेलं असतं, बसमधून उतरेपर्यंत भरपूर ऊन डोळ्यात गेलेलं असतं. पुस्तकात लिहितात की घरी येताना काळा गॉगल घाला. मी सांगते, बसमध्ये असाल तर घाला, स्वतः चालवत असाल तर अजिबात नाही, पेंगणाऱ्याच्या डोळ्यावर अंधार घालायचा म्हणजे घड्याळ वाचवायला जाऊन माणूस जायचा.

खोलीचं तुम्ही काही लिहिलं नाहीत पण वन-बीएचकेत पाच माणसं म्हणजे अंदाज येतो. पडद्यावर पैसे घालवू नका, स्टेशनरीच्या दुकानातून काळा कार्डपेपर आणा, खिडकीच्या काचेच्या मापाचा कापून कडेने ब्राऊन टेप, कडा उघडी राहिली तर तिथूनच पट्टा डोळ्यावर येतो. पंखा लावून ठेवा, वारा तर मिळतोच पण त्याच्या घरघरीत बाकीचे आवाज बुडतात. बेलचं बटण बंद, दारावर चिठ्ठी. कुकर आठच्या आधी नाहीतर बाराच्या नंतर. घंटागाडीचं गाणं कुणाला बंद करता येत नाही, त्याला कानात फोमचे बोळे, मेडिकलमध्ये मिळतात, तेवढे बिनधास्त घ्या. आणि फोन दुसऱ्या खोलीत, तो नाईटवाल्याच्या उशाशी ठेवला की गावाकडचा प्रत्येक जण नेमका साडेनऊला फोन करतो.

चहा शिफ्टमध्ये दोन-अडीचपर्यंतच. त्यातलं कॅफिन निम्मं उतरायला पाचेक तास लागतात, म्हणजे सुटल्यावर टपरीवर सातला मारलेला कटिंग अजून कामावर असतो तेव्हा तुम्ही झोपायचा प्रयत्न करताय. जेवण घरून दहाला जेवून निघायचं, मध्यरात्री कँटीनला फळ, शेंगदाणे, ताक एवढंच. तेच ताट रात्री तीनला जेवलं तर साखर दिवसापेक्षा जास्त चढते, कारण स्वादुपिंडालाही स्वतःचं घड्याळ आहे आणि तेव्हा त्याची रात्र असते. अकरा किलोंचं उत्तर बरंचसं या तीनच्या वडापावात सापडेल. शेवटची नाईट संपली की रविवारी सकाळी दोन-अडीच तासच झोपायचं, गजर लावून उठायचं, त्रास होतो पण मग रात्री दहाला आपोआप झोप लागते आणि पुढचा आठवडा सुधारतो.

मेलाटोनिन. ही झोपेची गोळी नाहीच मुळात, अंधार पडला की मेंदूतली एक ग्रंथी ते सोडते, ती शरीराला दिलेली दवंडी आहे की रात्र झाली, बस. दवंडी ऐकून झोपायचं की नाही ते बाकीचं शरीर ठरवतं. नाईटनंतर सकाळी घरी पोचून, झोपायच्या अर्धा तास आधी एक ते तीन मिलिग्रॅमची गोळी काही जणांना थोडी जास्त झोप देते, थोडीच, आणि रात्रीच्या कामातला जागेपणा त्याने वाढत नाही. दुकानात दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या दिसतील, जास्त घेतल्याने जास्त झोप येते असं काही नाही, गुंगी मात्र रेंगाळते. कंपनीतून निघताना घेऊन बाईकवर बसायचं तर मुळीच नाही. पण मी असं म्हणेन की स्टडीचा रिपोर्ट येईपर्यंत नकोच, आधी घसा बघू मग दवंडी पिटू.

नोकरीचं. नाईट शिफ्ट तब्येतीला चांगली नाही हे मी लपवणार नाही, जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी संस्था तिला २००७ पासून कॅन्सरची संभाव्य कारणं असलेल्या गटात धरते आणि २०१९ मध्ये तपासून तिने तेच कायम ठेवलं. पण घराचा हप्ता कुठली संस्था भरत नाही, हे मलाही कळतं. उद्या नोकरी सोडून ते घरी बसले आणि ॲप्निया तसाच राहिला तर पेंगणं, बीपी, चिडचिड, काहीच जाणार नाही, वर पगार गेलेला. म्हणून सोडायचं आत्ता ठरवू नका. आधी तपासणी, ॲप्निया निघाला तर तीन महिने उपचार, मग बघा नाईट कितपत झेपते. तरीही झेपत नसेल तर डॉक्टरांचं पत्र घेऊन कंपनीच्या मेडिकल ऑफिसरला भेटा, जनरल शिफ्टला किंवा फर्स्ट-सेकंडपुरतं बदलून देतात बऱ्याच ठिकाणी, विशेषतः मशीनवर काम असेल तर, कारण अपघात झाला तर त्यांच्याही गळ्याशी येतं. काही लोक मुळातच निशाचर असतात त्यांना नाईट त्यातल्या त्यात सोसते आणि काही पहाटेचे पक्षी असतात त्यांचे हाल होतात, तुमचे मिस्टर लग्नाआधी सुट्टीत किती वाजता उठायचे हे सासूबाईंना विचारा, त्यांना नक्की आठवत असेल.

एक तुमच्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत तरी. फर्स्टला साडेचारला उठून डबा, सेकंडला रात्री एक वाजता जेवण गरम करायचं, नाईटला दिवसभर मुलीला गप्प बसवायचं, शिफ्ट तर तुमचीही फिरतेय आणि तुम्हाला वीकली ऑफ नाही. सेकंडच्या आठवड्यात जेवण त्यांना स्वतः गरम करून घेऊ दे, तेवढं जमतं माणसाला.

आता लगेच करायचं ते. या आठवड्यात ते झोपले की तुमच्या फोनवर पाच-सात मिनिटं रेकॉर्डिंग करा, झोप लागून तासभर झाल्यावर आणि पुन्हा पहाटे, त्यातही पाठीवर झोपलेले असताना. घोरणं थांबलं की मनात आकडे मोजा आणि पुन्हा सुरू होताना तो फुर्र आवाज येतो का बघा. मानेचा घेर टेपने मोजा, बीपी दोनदा तपासून घ्या, आणि तो कापलेल्या पट्टीचा तुकडा फेकू नका, तो घेऊन जवळच्या छातीविकार किंवा झोपेच्या डॉक्टरांकडे जा. रेकॉर्डिंगसाठी लाईट लावायची गरज नाही, जागे होतील, आम्हाला आवाजच पुरतो.